हायब्रिड गाडीचा भाव नेमका कुठे करायचा?

नांदेड-लातूरकडे नव्या गाडीचा सौदा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: ‘डिस्काउंट किती देता?’ शोरूमवाला एक आकडा सांगतो, घरातला जाणता माणूस तो थोडा वाढवून घेतो, आणि सगळे समाधानाने बाहेर पडतात. हायब्रिड गाडीच्या बाबतीत हा प्रश्नच ग्राहकाला गाफील ठेवतो. गाडीच्या किमतीत एक भाग असा असतो, ज्याला डीलर हात लावू शकत नाही. दुसरा भाग पूर्णपणे त्याच्या हातात असतो. पहिल्या भागावर हुज्जत घालून आपण दमतो आणि दुसऱ्यावर न वाचताच सही करतो. रास्त भाव मिळवायचा असेल तर हे दोन भाग आधी वेगळे करावे लागतात.

पहिला गैरसमज कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण पेट्रोल-हायब्रिडला तो दर लागू व्हायला इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असावी लागते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचे, म्हणजे मोटर एकटीही गाडी ओढू शकते अशा मॉडेलचे, इंजिन १४९० सीसीचे आहे, होंडा सिटीचे १४९८ आणि इनोव्हा हायक्रॉसचे १९८७. चारही गाड्या चार मीटरपेक्षा लांब आहेत. त्यामुळे त्यांच्यावर ४० टक्के जीएसटी लागतो. पूर्वी उपकरासह ४३ टक्के होता, म्हणजे सुटका तीनच टक्क्यांची झाली. इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के आहे, पण हायब्रिडमध्ये बॅटरी असली तरी ती त्या वर्गात बसत नाही. राज्याच्या वाहनकरातही ती पेट्रोल गाडीच धरली जाते: वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला होता. त्या बातमीचा दाखला देऊन इथल्या शोरूममध्ये सूट मागण्याला अर्थ नाही.

आता हिशोब मांडू. एक्स-शोरूम १८ लाखांच्या गाडीत जीएसटीच सुमारे ५ लाख १४ हजार असतो. त्यावर वाहनकर २ लाख १६ हजार. म्हणजे गाडी आरटीओतून बाहेर पडेपर्यंत सव्वासात लाखांहून अधिक रक्कम सरकारकडे गेलेली असते. करापूर्वीची किंमत उरते १२ लाख ८६ हजारांच्या घरात. नव्या गाडीवर डीलरचा नफा ढोबळमानाने तीन ते पाच टक्के धरला जातो. म्हणजे साधारण चाळीस ते पासष्ट हजार रुपये, आणि त्यातच शोरूमचे भाडे, पगार आणि गाडी उभी ठेवण्याचे व्याज निघायचे असते. ‘दोन लाख सोडा, त्यांना भरपूर मिळतं’ हा समज इथेच कोसळतो. मोठी सूट जाहीर होते तेव्हा ती बहुतांशी कंपनीच्या योजनेतून आलेली असते. म्हणून डीलरला विचारायचा प्रश्न बदलतो: या महिन्यात कंपनीची योजना काय आहे, आणि ती पूर्ण माझ्या बिलात उतरते का? योजनेचा आकडा रोख सूट, एक्स्चेंज बोनस आणि वाढीव वॉरंटी अशा तुकड्यांत विभागलेला असतो. जुनी गाडी द्यायचीच नसेल तर त्यातला एक्स्चेंजचा तुकडा तुमच्या कामाचा नाही, पण जाहिरातीतल्या ‘पर्यंत’मध्ये तो मोजलेला असतो.

तरीही घासाघीस व्यर्थ आहे असे नाही. हायब्रिडच्या ग्राहकाच्या हातात एक दुर्मीळ हत्यार आहे. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचे इंजिन-मोटर एकच, हायक्रॉस आणि इनव्हिक्टोचेही एकच, आणि या चारही गाड्या बंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात तयार होत आल्या आहेत. बिल्ला आणि साजशृंगार वेगळा, यंत्र तेच. दोन कंपन्यांचे दोन डीलर जवळपास तीच वस्तू विकत असतील, तर दोघांचे लेखी कोटेशन शेजारी ठेवणे हीच खरी वाटाघाट. मात्र ज्या गाडीला वेटिंग आहे तिच्यावर सूट मागू नये. हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड मॉडेलचे बुकिंग मागणीमुळे कंपनीला काही काळ थांबवावे लागले होते. अशा वेळी डीलरने नकार दिला तर तो उर्मटपणा नसतो.

डीलरची खरी कमाई बिलाच्या खालच्या अर्ध्या भागात आहे, आणि तिथे आपला माणूस सर्वांत कमी बोलतो. विमा पहिला. ‘विमा शोरूमचाच घ्यावा लागतो’ हे साफ खोटे आहे. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डीलर ग्राहकावर सक्ती करू शकत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेता येतो. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते: जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, त्यावर २४,५९६, आणि हायब्रिडला यात साडेसात टक्के सवलत. ती कोटेशनमध्ये दिसते का, हे बघायला एक मिनिट लागते. उरलेल्या हप्त्याची तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेपसारखी (घसारा न कापणारी) जोडकवचे सारखीच धरावीत. यावर शोरूमचे उत्तर ठरलेले: बाहेरून विमा घेतला तर कॅशलेस होणार नाही. कॅशलेस हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर अवलंबून असते, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. आणि ‘विमा आमचा घेतला तरच २५ हजारांची सूट’ असे म्हटले, तर दोन्ही बेरजा करून पाहाव्यात. विमा ३० हजारांनी महाग पडत असेल तर ती सूट तुमच्याच खिशातून आली.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस नावाची ओळ हा कोणताही कर नाही, सरकारी शुल्कही नाही. ती काढून टाकायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. ॲक्सेसरीजचे पॅकेजही बंधनकारक नसते. उलट टीसीएस मात्र भरावाच लागतो: १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का, म्हणजे आपल्या १८ लाखांच्या गाडीवर १८ हजार. अनेकजण तो खर्च समजून सोडून देतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला प्राप्तिकर आहे. शेती हेच उत्पन्न असलेल्या आणि करपात्र नसलेल्या कुटुंबाला तो विवरणपत्र भरून परत मिळतो. मराठवाड्यात सोयाबीन-उसाच्या पैशांवर गाडी घेणाऱ्या किती घरांत ही रक्कम मागितलीच जात नसेल, या विचाराने हळहळ वाटते.

‘नांदेडात डीलर एकच, मग भाव कुणाशी करणार?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० नुसार राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे गाडी नोंदवता येते. लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याचे कोटेशन आणता येते, आणि वॉरंटी कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. हैदराबादचा मोह मात्र आवरावा. तिथे गाडी घेऊन इथे नोंदवली तर महाराष्ट्राचाच कर लागतो. नातेवाइकाच्या पत्त्यावर तेलंगणाची नोंदणी केली, तरी बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवल्यास कलम ४७ प्रमाणे इथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि कर पुन्हा दारात येतो.

सौदा अडला की विक्रेता मायलेज काढतो: ‘पेट्रोलमध्येच पैसे वसूल होतील.’ ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किमी, माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचे २१.११. वर्षाला १५ हजार किमी चालवले तर सुमारे १७५ लिटर वाचतात. लिटरला १०६ रुपये धरले तर साडेअठरा हजार. दोन मॉडेलमध्ये दोन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला दहा वर्षांहून अधिक काळ जातो. शिवाय हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी गर्दीत होतो. नांदेड-लातूर किंवा लातूर-पुणे असा महामार्गच जास्त असेल तर तो घटतो. शांत, ऑटोमॅटिक गाडी आणि बॅटरीवरची आठ वर्षांची वॉरंटी हवी म्हणून जास्त पैसे देणे योग्यच आहे, पण ती आवडीची किंमत आहे, बचत नव्हे. नुसते ‘हायब्रिड’ हे नाव वाचूनही फसू नये: माइल्ड हायब्रिडची मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

दसरा-पाडव्याला सूट सर्वाधिक असते, हेही तपासून घ्यावे. मुहूर्ताला गिऱ्हाईक स्वतःहून येते, तर डिसेंबरअखेरीस जुन्या वर्षात बनलेली गाडी डीलरला खपवायची असते. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. ते पाहूनच अशा गाडीची सूट ठरवावी. रोखीने भाव कमी होतो हाही भ्रमच. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याने २०१७ पासून निषिद्ध आहे, आणि कर्ज करून देण्याचे डीलरला बँकेकडून पैसे मिळतात, म्हणून रोखीच्या गिऱ्हाइकाचे त्याला अप्रूप नसते.

तेव्हा बुकिंगची रक्कम देण्याआधी एक्स-शोरूम, वाहनकर, विमा, टीसीएस, फास्टॅग आणि इतर प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेले, सही-शिक्क्याचे कोटेशन मागा. निदान दोन ठिकाणचे मागा. पैसे भरल्यावर वाद झालाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि गाडी पुण्यात घेतली असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नांदेडला किंवा लातूरलाच, दाखल करता येते.