पैसे आपले, मालकी कुणाची?

विप्रो कंपनीचा जन्म आमच्या अमळनेरातला. १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे सॉफ्टवेअरमध्ये मोठी झाली. गावातील अनेक घरांत तिचे शेअर आले. शेअर आता कागदावर नसतात. डिमॅट खात्यातील ती केवळ संगणकीय नोंद असते. तरीही ती विकता येते, वारसांच्या नावे करता येते. मग पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर किंवा डिजिटल गेम का विकता येऊ नये, असा आमचा सवाल आहे.

पडद्यावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असते. खालच्या बारीक अक्षरांतील अटी मात्र सांगतात की, हा फक्त वापराचा परवाना आहे आणि तो दुसऱ्याला देता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सीडीवरील तयार सॉफ्टवेअर 'माल' ठरवले आणि त्यावर विक्रीकर लागला. त्याआधीच १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मधून, संगणक प्रणालीची प्रत पूर्वी विकलेली असली तरी तिच्या विक्रीवर निर्मात्याचाच हक्क राहील, अशा अर्थाचे शब्द काढून टाकले होते. २०२१ च्या इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस निकालात न्यायालयाने या बदलाची दखल घेतली. पण हे दोन्ही खटले कराचे. ग्राहकाच्या पुनर्विक्रीचा प्रश्न त्यांत नव्हता. कर घेताना माल आणि ग्राहक विकायला निघाला की परवाना, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

चोरीच्या प्रती वाढतील, अशी भीती घातली जाते. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली युज्डसॉफ्ट खटल्यात त्यावर तोड काढली : कायमच्या परवान्याचे सॉफ्टवेअर खुशाल विका, पण स्वतःजवळची प्रत निकामी करा. गेमबाबत मात्र फ्रान्समधील ग्राहक संघटनेने २०१९ साली जिंकलेला दावा २०२२ साली अपिलात गमावला. लढाई सोपी नाही.

जुना माल हा गरिबाच्या शिक्षणाचा जिना आहे. खुद्द बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तके विकत घेऊन ग्रंथसंग्रह केला. आज वस्तीतल्या मुलाला जुना संगणक मिळतो, जुने सॉफ्टवेअर मिळत नाही. नाइलाजाने त्याने चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली, तर कलम ६३-ब खाली सात दिवस ते तीन वर्षे कैद! स्वस्त आणि सरळ वाट बंद करायची आणि आडवाटेने गेला म्हणून त्यालाच गुन्हेगार ठरवायचे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने 'अन्यायकारक करार' ही संकल्पना आणली आहे. त्याची दाद जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे मागावी लागते. ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. तरुण वकिलांनी हा मुद्दा तिथे मांडावा. खरेदीची पावती आणि अटींची प्रत जपून ठेवावी. संसदेनेही पुनर्विक्रीचा हक्क कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा.

अट लिहिली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हे आमच्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार?