टॉवरचा मेंदू कुठे ठेवायचा?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोबाइल टॉवरजवळून गेला असाल, तर पायथ्याची ती पत्र्याची खोली आठवत असेल. भिंतीला एसी, शेजारी डिझेलचा जनरेटर आणि आतून अखंड घरघर. आपली नजर जायची वरच्या अँटेनांच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे. कारभार मात्र चालायचा खाली. फोनकडून आलेल्या लहरीतून आकडे वेगळे काढणे, त्यातल्या चुका दुरुस्त करणे, कोणत्या फोनला कोणत्या क्षणी बोलू द्यायचे ते ठरवणे, हे सगळे त्या खोलीतल्या ‘बेसबँड’ नावाच्या यंत्राकडे होते. टॉवरचा मेंदू म्हणा हवे तर.

खोलीतून अँटेनापर्यंत मनगटाएवढी नव्हे, तरी अंगठ्याहून जाड तांब्याची केबल चढवलेली असे. दोन गिगाहर्ट्‌झची लहर या केबलमधून पन्नास मीटर चढेपर्यंत जवळजवळ निम्मी ताकद गमावून बसते. म्हणजे वीज जाळून लहर तयार करायची आणि वाटेतच केबल गरम करण्यात निम्मी उधळायची. यावर उपाय निघाला तो साधा होता: लहर तयार करणारे रेडिओयंत्रच वर, अँटेनाच्या पाठीशी टांगायचे आणि खालून वर तांब्याऐवजी काचेचा तंतू न्यायचा. एरिक्सन, ह्युआवेई, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स या कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन या दोन यंत्रांनी आपसात कसे बोलायचे याची भाषा ठरवली. तिचे नाव सीपीआरआय.

आणि इथेच कुणाच्या तरी मनात पुढचा प्रश्न आला असणार. काचतंतूत प्रकाश पंधरा किलोमीटर गेला, तरी निम्मा शिल्लक राहतो. तांब्याला पन्नास मीटर, काचेला पंधरा किलोमीटर! मग तो मेंदू पायथ्याशी तरी कशाला ठेवायचा?

हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला तो चायना मोबाइलने. त्यांच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये ‘सी-रॅन’ नावाची कल्पना मांडली. शेकडो टॉवरांचे बेसबँड एका इमारतीत आणायचे, टॉवरवर फक्त अँटेना आणि रेडिओ ठेवायचा, मधे काचतंतू. या मधल्या दुव्याला धंद्यात ‘फ्रंटहॉल’ म्हणतात. सी-रॅनमागचे कारण अगदी व्यावहारिक होते. टॉवरच्या जागेवर जळणाऱ्या विजेतली साधारण निम्मीच मुख्य यंत्रांना लागते, उरलेली मुख्यतः एसी आणि इतर सरंजाम खातो, असा त्यांचा हिशेब होता. खोल्याच उठवल्या, तर एसीही उठले, जागेचे भाडेही उतरले.

त्यांच्या मांडणीतला दुसरा मुद्दा मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. माणसे भरती-ओहोटीसारखी हलतात. दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलातले (बीकेसी) टॉवर घामाघूम आणि डोंबिवलीतले पेंगलेले. रात्री नेमके उलट. पण प्रत्येक टॉवरचा मेंदू त्याच्या सर्वाधिक गर्दीच्या तासासाठी विकत घ्यावा लागतो. सगळे मेंदू एका जागी असले, तर एकीकडची रिकामी ताकद दुसरीकडे वळवता येते. शिवाय शेजारचे दोन टॉवर एकमेकांच्या लहरीत लुडबुड करत असतील, तर एकाच छताखालचे मेंदू ती भांडणे जागच्या जागी मिटवू शकतात. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये हे लवकर रुजले. जपानच्या डोकोमोने २०१५ मध्ये आपली वेगवान सेवा सुरू केली ती याच धर्तीवर.

तरी बीकेसी आणि डोंबिवलीची जोडी मी मुद्दाम घेतली, कारण ती जुळत नाही. काचेत प्रकाशाला एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. फोर-जीमध्ये फोनने पाठवलेला तुकडा नीट पोहोचला की नाही याचे उत्तर चार मिलिसेकंदांनी गेलेच पाहिजे. त्यातला एक मिलिसेकंद तुकडा येण्यातच जातो. उरलेल्या तीनपैकी बहुतेक वेळ बेसबँडची आकडेमोड खाते. वाटखर्चाला राहतात काहीशे मायक्रोसेकंद. म्हणून मेंदू आणि टॉवर यांच्यात वीसएक किलोमीटरच्या वर तंतू सहसा ताणत नाहीत. बीकेसी ते डोंबिवली सरळ रेषेतच त्याहून जास्त, आणि तंतू काही सरळ रेषेत जात नाही. तो रस्त्याच्या कडेने, पुलाखालून, वळसे घेत जातो. लोकलने रोज कापले जाणारे अंतर प्रकाशाला वेळेत झेपत नाही, हे मला अजून गमतीचे वाटते.

वेळेइतकीच दुसरी अडचण पसाऱ्याची. सीपीआरआय लहरीचा अर्थ पाठवत नाही, अख्खी लहरच आकड्यांत मोजून पाठवते. वीस मेगाहर्ट्‌झच्या फोर-जी लहरीचे सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार नमुने, प्रत्येक नमुना तीस बिटांचा, वर आवरण आणि संकेतनाचा खर्च: एका अँटेनाला १.२३ गिगाबिट. दोन अँटेनांच्या टॉवरवरून ग्राहकांना मिळतात फार तर दीडशे मेगाबिट आणि त्यासाठी तंतूतून धावतात जवळजवळ अडीच गिगाबिट. फोनवर कुणी बोलत नसले तरीही तेवढेच! शांतता मोजायलाही सारखाच खर्च. फाइव्ह-जीच्या चौसष्ट अँटेना आणि शंभर मेगाहर्ट्‌झला हाच हिशेब लावला, तर आकडा तीनशे गिगाबिटांच्या पलीकडे जातो. एका खांबासाठी.

मग लहर आकड्यांत मोजायचीच कशाला? लेसरची चमकच रेडिओ लहरीबरोबर कमी-जास्त करायची, ती तशीच तंतूतून पाठवायची, पलीकडे प्रकाश पकडणाऱ्या डायोडमधून पुन्हा लहर काढून थेट अँटेनाला द्यायची. हेच मूळचे ‘रेडिओ ओव्हर फायबर’. सी-रॅनच्या कितीतरी आधीचे. ब्रिटिश टेलिकॉमच्या कूपर यांनी १९९० मध्येच बिनतारी टेलिफोनसाठी ते मांडले होते. खांबावर जवळपास काही उरतच नाही: एक डायोड, एक अँप्लिफायर, अँटेना. विमानतळ, मॉल, भुयारी स्थानके अशा जागी एकाच खोलीतून अनेक छोट्या अँटेनांना लहर वाटायला ही युक्ती मुकाट्याने कामाला आली आहे.

पण आकडे नसले की चूक दुरुस्त करण्याची सोयही नसते. लेसरचा खरखराट, त्याचा वाकडेपणा, सगळे लहरीत मिसळून पुढे जाते. लहरीची वारंवारता फार वाढली की वेगळाच पेच. लहर प्रकाशावर स्वार होते तेव्हा तिच्या दोन बाजूंना दोन जुळ्या पट्ट्या तयार होतात. काचेत त्यांचा वेग किंचित वेगळा असतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर साठ गिगाहर्ट्‌झची लहर बसवून नेहमीच्या तंतूत सोडा, साधारण एका किलोमीटरवर जुळ्या पट्ट्या नेमक्या उलट्या पावलांवर येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. तंतू शाबूत, प्रकाश येतो आहे, आणि लहर गायब. यावर एक पट्टी छाटून टाकण्यासारखे उपाय आहेत, प्रयोगशाळांत ते उत्तम चालतात. या साठ गिगाहर्ट्‌झचे नवल करणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते, की जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच मिलिमीटर लहरींवर १८९० च्या दशकात प्रयोग केले होते.

बाजाराने मात्र मधला मार्ग धरला. मेंदू सगळाच्या सगळा हलवायचा नाही. थोडा खांबावर ठेवायचा. कुठे कापायचा, याच्या आठ जागा थ्री-जीपीपी या मानक ठरवणाऱ्या संघटनेने २०१७ मध्ये मोजून दिल्या. त्याच वर्षी सीपीआरआयची नवी आवृत्ती ई-सीपीआरआय आली, आणि २०१८ मध्ये मोबाइल कंपन्यांनीच ओ-रॅन अलायन्स काढली, म्हणजे एका कंपनीचा रेडिओ आणि दुसरीचा मेंदू एकत्र नांदू शकतील. त्यांचा आवडता काप असा, की लहरीचे घटक सुटे करण्याचे काम खांबावरच होते आणि पुढे तेवढेच पाठवले जाते जेवढे खरोखर वापरात आहे. शांततेचे भाडे थांबले. बदल्यात खांबावरचा रेडिओ पुन्हा जड झाला, तापू लागला. जे उतरवायला निघालो होतो त्यातले काही परत वर चढवले, असेही म्हणता येईल. मला त्यात हार दिसत नाही, हिशेब दिसतो.

सगळ्याच कापांना एक गोष्ट मात्र लागते: सलग, धड तंतू. आपल्याकडे टॉवर फार आणि तंतू त्या सगळ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. बाकीच्यांची भिस्त सूक्ष्मलहरींच्या तबकड्यांवर, ज्यांना फ्रंटहॉलचा पसारा पेलणे कठीण. आणि पोहोचलेल्या तंतूला जेसीबीचे भय. पूर्वी एक केबल तुटली, तरी टॉवरचा मेंदू जागेवर असायचा. आता तीच केबल तुटली, की वीस-पंचवीस खांब एकदम मुके होऊ शकतात. खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारा, म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढले. विचारत नाहीत तिथे काय होते, ते रस्त्यावर दिसते. केबल तुटली की मेंदूंच्या इमारतीतला माणूस ओटीडीआर नावाचे यंत्र लावतो, प्रकाशाचा ठोका तंतूत सोडतो, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून यंत्र सांगते: अमुक किलोमीटर, अमुक मीटर. मग तिथे दोघे जण चिखलात उतरतात, ताडपत्रीच्या आडोशाला स्प्लायसिंग मशीन मांडतात, आणि केसाएवढ्या काचेची दोन टोके, ज्यांचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा, एकमेकांसमोर आणून ठिणगीने सांधतात. एकदा सांधला की पुढचा तंतू. केबलमध्ये असे चोवीस असतात, कधी अठ्ठेचाळीस, आणि पाऊस थांबलेला नसतो.