दोनशे सत्तर हात

सकाळचे आठ वाजलेत, तरी ग्वाल्हेर अजून धुक्यात आहे. आत्या आणि मी किल्ल्याची पूर्वेकडची चढण चढतोय. गाड्या पलीकडच्या उरवाई दरवाजाने जातात, त्यामुळे ही वाट पायी येणाऱ्यांची. फरसबंदी पावलांनी गुळगुळीत झालीय, त्यावर दव.

"हळू गं, घसरशील," आत्या म्हणते. लग्न होऊन ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. पदराखाली तिने तीळगुळाच्या गजकाची पुडी जपून धरलीय.

गणेश दरवाजा मागे पडतो. वर मानसिंह तोमराच्या महालाच्या निळ्या फरशा धुक्यातून दिसू लागल्यात आणि चढणाऱ्या प्रत्येकाची नजर तिकडेच आहे. म्हणूनच कडेच्या कातळातलं चतुर्भुजाचं देऊळ चुकतं. अख्खं देऊळ एकाच दगडात कोरलेलं, आपल्या गावातल्या लहानशा मारुतीच्या देवळाएवढं. आमच्यापुढचं जोडपं न थांबता निघून जातं. त्यांना हाक मारून परत बोलवावं, असं फार वाटतं.

"भैया, जरा अंदर देख लें?" आत्या विचारते. रखवालदार मान हलवतो.

आत गारवा आणि अंधार. मोबाइलचा उजेड भिंतीवर तिरपा धरला की अक्षरं वर येतात. शिलालेख संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा. मिहिरभोज प्रतिहाराच्या काळातला. मजकूर देवाच्या रोजच्या व्यवस्थेचा: फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन, माळ्यांनी रोज द्यायच्या ५० माळा. मी ओळीवरून उजेड सरकवत जाते. दोन. सात. आणि त्यांच्या शेजारी ते: बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, बारीक, गोल. शून्य. कोरल्याचं वर्ष नक्की ठाऊक असलेलं इतकं जुनं शून्य भारतात क्वचितच कुठे पाहायला मिळतं.

"अगं, हे तर मला वाचता येतंय!" आत्या एकदम मोठ्याने म्हणते. "दोनशे सत्तर!"

माझ्या अंगावर काटा येतो. बाकीच्या मजकुरातलं एक अक्षरही आम्हाला लागत नाही. फक्त आकडा लागतो, साडेअकराशे वर्षांनंतर, चष्मा घरी विसरलेल्या बाईला. आणि कोरणाऱ्यापुढे हिशेब होता तो फुलांचा.

आत्या कोपर उंबऱ्याला टेकवून हात लांब करते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, सुमारे दीड फूट. म्हणजे बाग चारशे फूट लांब.

वरचं सारं आम्ही पाहतो: मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर. पण माझ्या डोक्यात तीच बाग आहे.

दुपारी उतरून शहरातल्या ‘फुलबाग’ भागात येतो. ऊन पडलंय. १८५८च्या जूनमध्ये झाशीची राणी इथेच लढता लढता पडली, बाबा गंगादासांच्या मठाजवळ तिला अग्नी दिला. राजकवी भा. रा. तांब्यांनी जिच्यावर कविता लिहिली, ती हीच समाधी. शाळेत ती म्हणताना आमचा वर्ग गप्प व्हायचा, ते इथे आठवतं. आत्या चपला काढते, झेंडूची माळ वाहते, डोळे मिटून बराच वेळ उभी राहते. मीही.

मग बाहेरच्या वाटेवर मी पावलं मोजायला लागते. माझं एक पाऊल दीड हाताचं धरलं, तर १८० पावलं. आत्या बाकावर बसून गजकाची पुडी सोडते. एक माळी ताटव्याला पाणी घालतोय. मी जवळून जाताना तो नळी बाजूला घेतो.

"किती झाली?" आत्या लांबून विचारते.

"एकशे बारा!"

"चालत राहा, मी आहे इथे."