मिरजेचे ग्रंथालय आणि जतचा डॉक्टर

मिरज आणि वैद्यक यांचे नाते सव्वाशे वर्षांहून जुने आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले, आणि मिरजेचे नाव दूरदूरच्या रुग्णांच्या तोंडी झाले. पुढे १९६२ मध्ये मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कऱ्हाडची कृष्णा वैद्यकीय संस्था १९८४ ची. तिला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तर साताऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यावयास २०२१-२२ हे शैक्षणिक वर्ष उजाडावे लागले. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत आरोग्यविज्ञानाची ग्रंथसंपदा आज काही थोडीथोडकी नाही. प्रश्न एवढाच की, ती कोणाची?

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून गेले, तेव्हा सारे गाव हळहळले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर असा प्रसंग ओढवला, तर गावात कोणी हळहळेल काय? बहुधा नाही, कारण ते आहे हेच गावाला ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात दवाखाना चालवितो. एके रात्री विंचू चावलेले पाच-सहा वर्षांचे मूल त्याच्याकडे आणले गेले. घाम फुटलेला, हातपाय गार, नाडी धावती. त्याने सुचले ते उपचार करून मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठविले. मूल सुदैवाने वाचले. पण आपण केले ते बरोबर होते की नाही, ही रुखरुख डॉक्टरांच्या मनातून जाईना. त्याला या विषयावरचे काही लेख मुळातून वाचावयाचे होते. संगणकावर त्यांचा सारांश मिळाला. पूर्ण लेखासाठी परकीय चलनात शुल्क मागण्यात आले. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो चौकशीस गेला, तेव्हा ओळखपत्र नसल्याने त्याला दारातूनच परतावे लागले. दारावरच्या शिपायाची यात काही चूक नव्हती. त्याला दिलेला नियमच तसा होता.

या प्रसंगातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. लाल विंचवाच्या दंशावरील उपचाराची दिशा बदलली ती लंडनमध्ये नव्हे, तर सह्याद्रीपलीकडच्या महाडच्या परिसरात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करीत असता असे रुग्ण जवळून पाहिले. विंचवाच्या विषाने शरीरात एक प्रकारचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचून रोगी दगावतो. या धोक्याची पूर्वचिन्हे कोणती, हे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही साधी गोळी येथे उपयोगी पडते, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये मांडले. २०११ मध्ये महाडच्या रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे कोकणातल्या एका गावात उपजलेले ज्ञान लंडनला गेले. पण घाटावरच्या जत-आटपाडीत ते परत यावयाचे कसे? ते ज्या वाटेने यावयाचे, त्या वाटेवर वैद्यकीय ग्रंथालय उभे आहे, आणि त्याच्या दाराशी ओळखपत्र विचारले जाते.

वैद्यकीय ग्रंथालय म्हणजे परीक्षेच्या हंगामात विद्यार्थ्यांनी गजबजणारी अभ्यासिका, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. मान्यतेच्या तपासणीतही पुस्तके किती, खुर्च्या किती, हेच मुख्यत्वे पाहिले जात आले आहे. वास्तविक या ग्रंथालयाचा प्राण आहे तो संदर्भसेवेत. वैद्यकातील निबंधांचा सागर इतका अफाट की, त्यातून हवे ते काढण्यासाठी जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिचे जाडजूड खंड २००४ पर्यंत छापले जात होते. आता त्यांची जागा ‘पबमेड’ने घेतली असून १९९७ पासून ही सूची जगात कोणालाही फुकट पाहता येते. पण सूची पाहता येणे आणि सूची वापरता येणे यांत अंतर आहे. तेथे प्रत्येक विषयाचे ठरीव शब्द आहेत. ते न जाणणाऱ्याच्या पदरात हजार निबंध पडतात किंवा एकही पडत नाही. जाणकार ग्रंथपाल अर्ध्या तासात त्यांतले कामाचे पाच वेचून देतो. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, हे रंगनाथनांनी १९३१ मध्येच आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले आहे. रात्री रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरइतकी त्या वेळाची किंमत दुसऱ्या कोणाला असणार?

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. शासकीय शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना याचा लाभ होईल, आणि तो निःसंशय मोठा आहे. मिरज व सातारा येथील शासकीय महाविद्यालये अशा संस्थांतच मोडतात. तथापि खासगी संस्था या पहिल्या टप्प्यात नाहीत. आणि संस्थेच्या आवाराबाहेर जो दवाखाना थाटून बसला आहे, तो तर कोणत्याच यादीत नाही. राष्ट्र एक खरे, पण त्याच्या या वर्गणीत गावच्या डॉक्टरचे नाव नाही! प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, औषधनिर्माते यांचीही स्थिती निराळी नाही. पदवी घेऊन बाहेर पडला की डॉक्टर ग्रंथालयास पारखा होतो. मग त्याचे ज्ञान अद्ययावत करण्याचे काम पुष्कळदा औषध कंपनीचा प्रतिनिधी आपल्या गुळगुळीत पत्रकाने करतो.

यावर काही आक्षेप येतील. आधीच कर्मचारी अपुरे, परीक्षेच्या दिवसांत बसावयास जागा नाही, बाहेरचा माणूस ग्रंथ घेऊन गेला तर जबाबदार कोण? यांतला कर्मचाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून सेवेची अपेक्षा करणे हा निव्वळ अन्याय ठरेल. बाकीच्यांत फारसा अर्थ नाही. बाहेरच्यास पुस्तक घरी न देता जागीच वाचू देता येते. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांचे म्हणाल, तर ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकास मुभा देणारे कलम प्रकाशकांच्या अनेक करारांत असते. ते आपल्या करारात आहे की नाही, हे वाचून पाहण्याची तसदी मात्र घ्यावयास हवी. खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी साहित्याचा रास्त उपयोग आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यासही मान्य आहे.

जतहून मिरजेस येण्यात डॉक्टरचा निम्मा दिवस मोडतो, हेही खरे. त्यासाठी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांचा उपयोग का करू नये? १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात अनुदानित वाचनालयांचे जाळे पसरलेले आहे. डॉक्टराने किंवा परिचारिकेने आपला प्रश्न तेथे लिहून द्यावा, वाचनालयाने तो मिरजेस, कऱ्हाडला अथवा साताऱ्यास कळवावा, आणि तेथील ग्रंथपालाने लेखाची झेरॉक्स, निदान खात्रीच्या मोफत लेखांची यादी, परत पाठवावी. शिक्षकांस शाळेत सर्पदंशाविषयी दोन शब्द सांगावयाचे असतील, तर त्यांनाही याच मार्गाने विश्वसनीय माहिती मिळू शकेल. उसाच्या फडात पाचट काढताना किंवा रात्री पाणी पाजताना ज्यांचा पाय सापावर पडतो, त्यांचीच मुले या शाळांत शिकत असतात.

यास नवी इमारत लागत नाही. ग्रंथालयात एक टेबल, एक दूरध्वनी, बाहेरच्यांसाठी राखलेले दुपारचे दोन तास आणि दोन्ही जिल्ह्यांतील ग्रंथपालांची एक बैठक, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरून विंचू आणि साप बाहेर पडतात. ही बैठक त्यापूर्वी व्हावी.