कॅसेटवरचं नाटक डिस्कवर नेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य रंगतं, रात्री नाटक उभं राहतं आणि शेवटचा प्रवेश संपेपर्यंत उजाडायला येतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या या रंगभूमीचे जुने प्रयोग, घरातली लग्नं, बारशी असं बरंच काही व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेटवर अडकून पडलं आहे. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू स्थितीतलं यंत्र मिळणंही दिवसेंदिवस अवघड होत आहे. म्हणून लोक कॅसेट संगणकावर कॅप्चर करून डीव्हीडी बनवून घेतात. हे काम करायलाच हवं, पण काही चुकीच्या समजुतींमुळे कॅसेटवर शाबूत राहिलेलं चित्र नेमकं याच टप्प्यावर खराब होतं.

गैरसमज १: अख्खं नाटक एका डीव्हीडीत बसलं, म्हणजे काम उत्तम झालं.

वस्तुस्थिती: साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि तेवढी जागा सगळ्या तासांत वाटून द्यावी लागते. चित्रण एक तासाचं असेल तर दर सेकंदाला सुमारे १० मेगाबिट वाट्याला येतात. डीव्हीडीत चित्रासाठी कमाल मर्यादाच ९.८ मेगाबिट आहे, म्हणजे एका तासाला पुरेपूर जागा मिळते. दोन तासांना ५.२ मेगाबिट मिळतात, तेही चालण्यासारखं असतं. सहा तासांच्या रात्रभराच्या प्रयोगाला मात्र जेमतेम १.७ उरतात आणि आवाजही त्यातच बसवावा लागतो. रंगमंचावरचा मंद उजेड आणि दंडारीतला वेगवान नाच ही दृश्यं कॉम्प्रेशनला सर्वांत जड जातात. जागा कमी पडली की चेहऱ्यांचे चौकोन होतात. त्यामुळे नाटक अंकांप्रमाणे तीन-चार डिस्कवर विभागावं किंवा ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्क वापराव्यात.

गैरसमज २: कॅप्चर केलेली फाइल फार मोठी असते, म्हणून आधी तिची एमपी४ करावी आणि मग डीव्हीडी.

वस्तुस्थिती: प्रत्येक कॉम्प्रेशनमध्ये चित्रातला काही तपशील कायमचा जातो. डीव्हीडी व्हिडिओला एमपीईजी-२ लागतं. मध्ये एमपी४ केली तर तोटा दोनदा होतो. मिनी डीव्ही कॅमेरा फायरवायर कार्डाने जोडला तर कॅसेटवरची डिजिटल नोंद जशीच्या तशी संगणकावर उतरते. एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात, पण चित्रातलं काही जात नाही. व्हीएचएस कॅप्चर करताना एफएफव्ही१ सारखा लॉसलेस, म्हणजे तपशील न गमावणारा, कोडेक वापरावा. काटछाट या मोठ्या फाइलवरच करावी आणि एमपीईजी-२ एकदाच, अगदी शेवटी करावं. कॅप्चरच डीव्हीडीच्या मापाच्या एमपीईजी-२ मध्ये झालं असेल, तर ते पुन्हा एनकोड करू नये. मेनू जोडून थेट डिस्क लिहिता येते.

गैरसमज ३: रिझोल्यूशन वाढवलं की जुनं चित्र स्पष्ट होतं.

वस्तुस्थिती: व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील असतो. भारतातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं ७२० × ५७६ हे माप त्याला पुरून उरतं. त्याहून मोठं करून फक्त फाइल फुगते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आजच्या संगणकाच्या पडद्याचं किंवा मोबाइलचं १९२० × १०८० चित्रण डीव्हीडीवर नेलं की पाचातले चार पिक्सेल गळतात आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. असं चित्रण २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर न्यावं किंवा मूळ फाइल डेटा म्हणून ठेवावी.

गैरसमज ४: पाल आणि एनटीएससी यांतलं काहीही निवडलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या आहेत. एनटीएससी निवडलं की सॉफ्टवेअर ५७६ ओळींच्या ४८० करतं आणि फ्रेमची संख्या २९.९७ वर नेतं. हालचालीला हिसके बसू लागतात. कामाला बसताना पहिल्यांदा हीच सेटिंग तपासावी.

गैरसमज ५: संगणकावर आडव्या रेघा दिसल्या, म्हणजे कॅप्चर बिघडलं.

वस्तुस्थिती: पालची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एकात विषम ओळी असतात, दुसऱ्यात सम. संगणक दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या हाताच्या कडेला दाते दिसतात. डीव्हीडीला हीच रचना चालते, त्यामुळे ती मोडू नये. फक्त फील्डचा क्रम सांभाळावा. मिनी डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. हा क्रम उलटला की हालचाल थरथरते. डीइंटरलेस करायचं, म्हणजे हे दाते घालवायचे, ते मोबाइलवर पाहण्याच्या वेगळ्या प्रतीत.

गैरसमज ६: डिस्क झाली, आता कॅसेट आणि फाइल काढून टाकली तरी हरकत नाही.

वस्तुस्थिती: घरी लिहिलेल्या डीव्हीडीत नोंद रासायनिक रंगाच्या थरावर होते. उन्हाने आणि उष्णतेने तो थर खराब होतो, आणि आपल्याकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. डिस्क लिहून झाल्यावर व्हेरिफाय करावी आणि सावलीत उभी ठेवावी. लॉसलेस फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत असाव्यात. मूळ कॅसेट जपून ठेवावी. तिच्यावर बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

काम दुकानात देणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा: कॅप्चर कोणत्या फॉर्मॅटमध्ये होणार, एका डिस्कवर किती तास जाणार आणि मूळ कॅप्चरची फाइल हार्ड डिस्कवर मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर दुसरं दुकान शोधा. डिस्क ही पाहण्याची सोय आहे. ती खराब झाली तरी फाइलवरून नवी करता येते, पण फाइल हातची गेली तर दाबून लहान केलेल्या चित्रातून मूळ तपशील कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. झाडीपट्टीतले कितीतरी प्रयोग छापील संहितेत नसून याच फितींवर उरले आहेत. त्यांच्यासाठी हार्ड डिस्कवर थोडी जागा आणि पदरचे चार पैसे खर्च करायलाच हवेत.