भिंगारची एक सीट

अथेन्समध्ये मेट्रोसाठी खोदलं तेव्हा खाली जुनं शहर लागलं. त्यातलं बरंच काही सिंटाग्मा स्टेशनात काचेआड मांडून ठेवलं आहे. मेक्सिको सिटीच्या पिनो सुआरेझ स्टेशनात तर अझ्टेकांच्या वायुदेवाचं गोल दगडी पीठच आहे, गाडी बदलणारे त्याच्या बाजूने जातात. नगरला मेट्रो नाही. इथला इतिहास रस्त्यावरच आहे आणि तो बघायला भिंगारच्या शेअर रिक्षातली एक सीट पुरते.

फक्त ती कडेची हवी. मागे तिघं नीट मावतात आणि चौघं बसतात; मधल्याच्या वाट्याला ड्रायव्हरची पाठ येते. सगळ्या सीटा भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, त्यामुळे चांगली जागा धरायला वेळ असतो.

सगळ्यात आधी भुईकोट. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्या जागी बाग उठवली. आजही नगरचा स्थापना दिवस हाच. पुढे बागेचा किल्ला झाला. १५५९पासून हुसेन निजामशहाने तो दगडात बांधून काढला. खंदकाच्या आत सुमारे पावणेदोन किलोमीटरचा घेर. १५९५-९६च्या वेढ्यात चांदबीबीने तो मुघलांविरुद्ध लढवला आणि १८०३च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतला. ऑगस्ट १९४२पासून काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. मौलाना आझादांनी चहापासून चिमण्यांपर्यंत नाना विषयांवर मित्राला पत्रं लिहिली. ती टपालात पडलीच नाहीत, पुढे त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे आत जायचं तर आधी चौकशी करावी.

माझ्या मते या भागातली सगळ्यात देखणी वास्तू किल्ला नव्हे, तर किल्ल्यापासून भिंगारच्या बाजूला असलेली दमडी मशीद. तिचं बांधकाम १५६७-६८चं, साहिर खानाने केलेलं. लोक मात्र वेगळं सांगतात: किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. कथा खरी असो वा नसो, पाथरवटांचा हात लपत नाही. आकाराने मशीद लहानच, पण घडीव दगडावर नक्षी अशी बारीक की लाकडात कोरल्यासारखी वाटावी. किल्ल्याला ज्यांनी नुसत्या भिंती दिल्या, त्यांनी हौस इथे भागवून घेतली असावी. यासाठी रिक्षा सोडून खाली उतरावं लागलं तरी उतरावं.

जमिनीखालीही काही नाही असं नाही. निजामशाहीत कापूरवाडी, शहापूर, भिंगार या बाजूंनी खापरी नळांतून पाणी नगरात आणलं होतं. भाजक्या मातीचे नळ जमिनीत पुरलेले, आणि पंप नसताना पाणी केवळ उतारावर यायचं. शहराला भुयारी वाहतूक होती म्हणायची, प्रवासी तेवढे नव्हते!

मग येतं भिंगार, कॅन्टोन्मेंटचं गाव. इथल्या छावणीत ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब वारला, वयाच्या ८८व्या वर्षी. पंचवीस वर्षं दख्खन जिंकायला खपला आणि दिल्लीला परतलाच नाही. दफन खुलदाबादला झालं, भिंगारला राहिला आलमगीर दर्गा. बादशहाचा हा किताब इथल्या वस्तीलाही चिकटला आहे, म्हणून पिशव्या सांभाळत बसलेली एखादी मावशी ड्रायव्हरला सहज सांगते, “दादा, आलमगीरला घ्या थांबवून.”

भिंगारवरून पूर्वेला डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरं तर ती मुर्तझा निजामशहाच्या दिवाणाची, सलाबतखानाची कबर. याच सलाबतखानाने फराहबाग १५८३मध्ये पुरी केली. ती सोलापूर रस्त्याकडे, १९९४मध्ये सुरू झालेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालयही तिथूनच जवळ. पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन रणगाडा बघायचा असेल तर तिकडची वेगळी फेरी करावी.

डोंगरावर मात्र शेअर रिक्षा जात नाही. स्पेशल करावी लागते, आणि तिचं भाडं बसण्याआधी ठरवावं. वर पोचल्यावर परतीला दुसरी रिक्षा मिळत नाही, हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक असतं.