सिंह म्हणून निघाला, कुत्रा म्हणून पोहोचला

राजाविरुद्ध बंड पुकारायचं आणि त्याचा खर्च त्याच राजाचा चेहरा छापलेल्या नाण्यांनी भागवायचा, हे जरा विचित्रच. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याशी झुंजणाऱ्या हॉलंड प्रांताने १५७५ साली स्वतःचं चांदीचं नाणं काढलं: लेऊवेनदाल्डर, म्हणजे सिंह-डॉलर.

त्यावर राजा नाहीच. एका बाजूला चिलखतातला शिलेदार उभा आहे, निम्मा ढालीआड, आणि कोण म्हणाल तर कोणीच नाही! त्याला नावच दिलेलं नाही. ढालीवर सिंह. नाणं उलटलं की पुन्हा सिंहच, आता मोठा, मागच्या पायांवर उभा, पंजे उगारलेला. कडेने लॅटिन अक्षरं फिरतात: देवावर भरवसा ठेवणारा ढळत नाही.

नाणं चांगलं जाडजूड, अडीच तोळ्यांना किंचित कमी. पण शुद्ध चांदी त्यात फक्त ७५ टक्के. डच व्यापाऱ्यांनी ते पोत्यांनी ओटोमन साम्राज्यात नेलं. छाप मुळातच उथळ, त्यात हजारो हातांनी घासला गेलेला. आयाळ गेली, पंजे गेले. अरबी बाजारांत लोक त्याला ‘अबू कल्ब’ म्हणू लागले. म्हणजे कुत्रेवालं नाणं! गंमत अशी, की अटलांटिकपलीकडे अमेरिकेतल्या वसाहतींमध्येही याच नाण्याला ‘डॉग डॉलर’ म्हणत. दोन्हीकडच्या डोळ्यांना झिजलेल्या सिंहात कुत्राच दिसला.

पूर्व युरोपात मात्र सिंहाची अब्रू राहिली. रुमेनियाचा ‘लेऊ’ आणि बल्गेरियात २०२५ अखेरपर्यंत चाललेला ‘लेव’ या चलनांच्या नावांचा अर्थ सिंहच, आणि ती नावं मागे ठेवून गेलं ते हेच नाणं.

मला स्वतःला सर्वांत आवडतं ते पुढच्या काळातलं डच नाणं, गुल्डेन. त्यावर एक स्त्री उभी आहे. कोपर एका खांबावरच्या बायबलवर टेकलेलं. हातात भाला आणि भाल्याच्या टोकावर चक्क टोपी. रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला अशी टोपी मिळे, म्हणून ती स्वातंत्र्याची खूण. भोवतीचं लॅटिन सांगतं: हिला आम्ही राखतो, हिच्यावर आम्ही टेकतो. कोणाला, कोणावर, ते लिहिलेलंच नाही! पहिली ‘ही’ टोपी दाखवते, दुसरी ‘ही’ बायबल. पहिली स्वतंत्रता, दुसरी धर्मश्रद्धा. चित्र झिजलं, की उरतात ती दोन सर्वनामं.